शी-शूची सवय लावताना

बाळाने मान धरली की मराठी घरातली आजी त्याला पायांवर घेऊन बसते. पावलं जुळवून त्यांवर बाळाची बैठक, त्याची पाठ आजीच्या नडग्यांना टेकलेली आणि तोंडाने ‘शूऽऽ शूऽऽ’ असा लांब सूर. झोपेतून उठल्यावर आणि दूध पिऊन झाल्यावर हे ठरलेलं. बाळ बऱ्याचदा शू करतं, कधी शीही होते. ‘बाळाला सवय लागली’ म्हणून घरात कौतुक होतं. दोन वर्षांनी तेच मूल खेळता खेळता चड्डी ओली करून उभं राहतं, आणि लागलेली सवय गेली कुठे, असा प्रश्न आई-बाबांना पडतो. कुणी डायपरला दोष देतं, कुणी सुनेला, कुणी पाळणाघराला.

दोष कुणाचाच नसतो. पायांवर धरल्यावर शू करणं आणि आपलं आपण जाऊन शू करणं ही दोन वेगळी कामं आहेत. हा फरक नीट कळला की पुढचे निम्मे वाद मिटतात.

पायांवर धरणं आणि स्वतः जाणं

नवजात बाळ साधारण तासाला एकदा शू करतं. मूत्राशय भरलं की ते आपोआप आकुंचन पावतं. ‘थांब, आत्ता नको’ असं सांगणारी मेंदूतली यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. पोटात दूध गेलं की मोठं आतडंही हलायला लागतं, म्हणून दूध पिऊन झाल्यावर शी होते. आजीला या वेळा अनुभवाने ठाऊक असतात. ती त्या वेळी बाळाला धरते आणि ठरावीक सूर काढते. आठवड्यामागून आठवडे गेले की सूर आणि शू यांची बाळाच्या शरीरात सांगड बसते. यात सवय आजीला लागलेली असते, आणि बाळ तिला साथ देत असतं.

याचा उपयोग नाही असं मुळीच नाही. उकिडव्या बैठकीत शी सहज होते, लंगोट कमी भिजतात, कातडी कोरडी राहते, आणि शी-शूला एक जागा असते हे मुलाला लहानपणापासून माहीत होतं. केनियाच्या किनाऱ्यावरच्या डिगो लोकांत आया दोन-तीन आठवड्यांच्या बाळापासूनच असं धरायला लागतात, आणि पाच-सहा महिन्यांची बाळं बऱ्यापैकी कोरडी राहतात, असं निरीक्षण १९७७ साली बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं होतं. पण तिथे बाळ दिवसभर आईच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर असतं. त्याची किंचित चुळबुळही कळते. आपल्याकडेही ही पद्धत चालली, कारण घरात दिवसभर कुणीतरी बाळाजवळ असायचं. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात ती तशीच चालावी हा आग्रह आईवर अन्याय करणारा आहे.

दुसरं काम बरंच गुंतागुंतीचं आहे. मूत्राशय भरल्याची जाणीव व्हायला हवी, ती काय आहे हे ओळखता यायला हवं, खेळ सोडावासा वाटायला हवा, जागेपर्यंत रोखून धरता यायला हवं, चड्डी खाली करता यायला हवी, आणि मग रोखलेलं सोडता यायला हवं. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड, आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. पॉटवर दहा मिनिटं बसून काहीच न करणारं मूल उठल्या उठल्या दारात शू करतं, ते खोडी म्हणून नव्हे. बसल्यावर त्याचे स्नायू आवळलेलेच राहिले, उभं राहून लक्ष दुसरीकडे गेल्यावर ते सैल झाले.

मूल तयार झालं हे कशावरून ओळखायचं

मूत्राशयात किती शू मावते याचा बालरोगतज्ज्ञ वापरतात तो ढोबळ हिशेब असा: मुलाच्या वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं. म्हणजे दोन वर्षांच्या मुलात साधारण ९० मिलीलिटर, चार वर्षांच्या मुलात १५०. वय वाढतं तशी ही पिशवी मोठी होते आणि मेंदूचा ताबाही वाढतो. म्हणून पहिली खूण म्हणजे मूल दिवसा दीड-दोन तास कोरडं राहायला लागणं, किंवा दुपारच्या झोपेतून कोरडं उठणं.

बाकीच्या खुणा घरातल्या सगळ्यांना दिसतात, फक्त त्या शी-शूशी जोडायचं सुचत नाही. मूल शी करताना पडद्यामागे किंवा कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहतं; म्हणजे आता काहीतरी होणार आहे हे त्याला आधी कळलं. डायपर भरला की ते ओढायला लागतं. ‘चेंडू आण आणि टोपलीत टाक’ अशा दोन पायऱ्यांच्या सूचना पाळतं. बाथरूमचं दार लोटून मोठ्यांच्या मागे येतं. चप्पल, चमचा, बटण, सगळ्याला ‘माझं मी’ म्हणतं. या हट्टाचं आपण कौतुक करावं, कारण डायपर सुटतो तो याच हट्टाच्या जोरावर.

हे सगळं बहुतेक मुलांत दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान जमून येतं. मुली मुलग्यांपेक्षा सरासरीने थोड्या आधी. पण दोन भावंडांतही सहा महिन्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे शेजारच्या मुलीशी तुलना करण्यात अर्थ नाही. फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळलं, की लवकर सुरुवात केलेल्या मुलांना सवय पूर्ण लागायला जास्त काळ लागला, आणि २७ महिन्यांच्या आधी कसून मागे लागण्याचा फारसा फायदा दिसला नाही. सोळाव्या महिन्यात पॉट आणून ठेवायला काहीच हरकत नाही. सोळाव्या महिन्यात परीक्षा घ्यायला मात्र आहे.

दोन अमेरिकी वाटा

आज डॉक्टर जे सांगतात आणि पालकांच्या गटांत जे फिरतं, त्यातलं बरंचसं दोन जुन्या अमेरिकी पद्धतींतून आलेलं आहे. पहिली बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांची. त्यांनी आपल्या दवाखान्यात येणाऱ्या ११७० मुलांच्या नोंदी १९६२ साली प्रसिद्ध केल्या. दीड वर्षाच्या सुमाराला पॉट नुसता ओळखीचा करायचा, आधी कपड्यांसकट त्यावर बसवायचं, मग कपडे काढून, मग डायपरमधली शी त्यात टाकून दाखवायची, आणि मुलाने पाठ फिरवली की थांबायचं. या मुलांची दिवसाची सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना पूर्ण झाली.

दुसरी वाट नेथन ॲझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स या मानसशास्त्रज्ञांची. एका दिवसाच्या आत सवय लावण्याचं त्यांचं पुस्तक १९७४ साली आलं आणि अफाट खपलं. मुलाला भरपूर पेयं पाजायची, शू करणारी बाहुली दाखवून शिकवायचं, जमलं की लगेच शाबासकी द्यायची. चड्डी ओली झाली तर घराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पॉटपर्यंत पुन्हा पुन्हा चालत न्यायचं. ‘तीन दिवसांत डायपर सोडवा’ असं सांगणाऱ्या आजच्या सगळ्या योजना याच झाडाच्या फांद्या आहेत.

माझा कल ब्रेझल्टन यांच्याकडे आहे. दुसऱ्या पद्धतीतली बाहुली जरूर घ्यावी. मुलं बाहुलीला शिकवता शिकवता स्वतः शिकतात. पण ओल्या चड्डीत दहा फेऱ्या मारायला लावणं ही शिक्षाच आहे. अडीच वर्षांच्या मुलाला त्यातून शूबद्दल काही कळत नाही, फक्त आपण नकोसे झालो आहोत एवढं कळतं.

सुरुवात: ऋतू, चड्डी आणि पाट

निवड हातात असेल तर होळीनंतर सुरू करावं. उन्हाळ्यात चड्ड्या तासाभरात वाळतात, मूल घरात उघडं फिरलं तरी चालतं, आणि घामामुळे शूच्या वेळाही थोड्या लांबतात. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात सुरू केलं, तर दोरीवरचे ओले कपडे पाहूनच घरातल्यांचा धीर सुटतो. थंडीत शू वारंवार होते, तेव्हाही जरा थांबलेलं बरं. घरात नुकतं दुसरं बाळ आलं असेल, घर बदललं असेल, किंवा आई नुकती कामावर परत रुजू झाली असेल, तर महिना-दोन महिने जाऊ द्यावेत.

घरात असताना दिवसा सुती चड्डी घालावी. डायपरमध्ये ओलावा शोषून त्याचा गोळा करणारी पावडर असते, त्यामुळे शू झाली तरी मुलाला ओलं लागत नाही; आणि जे लागत नाही ते कळत नाही. प्रवासात, लग्नकार्यात, रात्री डायपर असू द्यावा. चड्डी इलॅस्टिकची हवी. नाडी, बक्कल, जीन्स यांच्याशी झटापट करता करता चिमुकल्या हातांचा वेळ जातो आणि तोवर व्हायचं ते होऊन जातं.

जागेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे घरोघरी एकच चूक होते. मोठ्यांच्या कमोडवर मुलासाठी छोटी रिंग ठेवतात आणि त्याचे पाय हवेत लोंबकळत राहतात. पाय टेकलेले नसले की मूल हातांनी कडा घट्ट धरतं, पोट आणि मांड्या आवळतं, आणि जिथे सैल व्हायचं तिथेच ताठ राहतं. पायांखाली स्टूल, पाट, काहीही घट्ट न हलणारं ठेवा. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले पाहिजेत. उकिडवं बसल्यावर गुदमार्गाचा वाक सरळ होतो. आजीच्या पावलांवरची बैठक म्हणूनच उपयोगाची होती. भारतीय पद्धतीच्या संडासात ही बैठक आयती मिळते, पण भोकात पाय जाईल ही मुलाची भीती खरी असते. पहिले काही महिने समोर बसून त्याचे दोन्ही हात धरा, नाहीतर जमिनीवर ठेवायचा छोटा पॉट घ्या. मुलग्यांनाही सुरुवातीला बसूनच शू करायला शिकवावं. उभ्याने करणं बाबांचं पाहून पुढे येतंच.

वेळा मुलाच्या शरीरानेच ठरवलेल्या आहेत: झोपेतून उठल्यावर, आणि प्रत्येक मोठ्या खाण्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी. तेव्हा पाच मिनिटं बसवायचं. तेवढ्यात काही झालं नाही तर हसून उठवायचं. दर अर्ध्या तासाला ‘शू आली का?’ विचारत राहिलं की मूल कंटाळून ‘नाही’ म्हणायला शिकतं, आणि मग खरी आली तरी नाहीच म्हणतं. ‘आली का?’ या प्रश्नापेक्षा ‘चल, जाऊन येऊ’ हे बरं.

फ्लशच्या आवाजाला पुष्कळ मुलं घाबरतात. मूल बाहेर पडल्यावर पाणी सोडा. शी आपल्यातूनच आली आणि डोळ्यांदेखत गडप झाली, याचं काहींना वाईटही वाटतं. त्यांना ‘टाटा’ करू द्यावं. आणि ‘छी, घाण!’ असं नाक मुरडून म्हणणं आजपासून बंद करावं. ज्या गोष्टीची घरातल्या सगळ्यांना किळस वाटते, ती गोष्ट मूल लपवायला लागतं.

शी दाबून धरणारं मूल

शूची सवय लागली, पण शी करायला मूल पॉटवर बसायलाच तयार नाही, डायपर मागतं किंवा दिवसचे दिवस शी करत नाही. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की साधारण पाचातलं एक मूल कमी-अधिक काळ यातून जातं. सवय लावण्याच्या साऱ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फरशीवरची शू पुसता येते. शीची भीती बसली तर ती वर्षानुवर्षं पुरते.

सुरुवात बहुधा एका दुखऱ्या अनुभवाने होते. ताप येऊन गेला, प्रवासात पाणी कमी प्यायलं गेलं, दोन दिवस शी झाली नाही. तिसऱ्या दिवशी झाली ती खड्यासारखी, आणि दुखलं. मुलाने एवढंच लक्षात ठेवलं की शी केली की दुखतं. पुढच्या वेळी कळ आली की ते चवड्यांवर उभं राहतं, पाय एकमेकांत अडकवतं, सोफ्याची कड धरून लाल होतं. बघणाऱ्याला वाटतं, बिचारं किती जोर करतंय. प्रत्यक्षात ते सगळा जोर शी आत ठेवण्यासाठी लावत असतं. थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी कडक आणि मोठी होते, आणखी दुखते, आणि मूल आणखी घट्ट आवळतं.

असं महिनोन्‌महिने चाललं की गुदाशय ताणून सैल पडतो आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी आपोआप पाझरते आणि चड्डीला डाग पडतात. इथे घराघरांत दोन उलटे निष्कर्ष निघतात. कुणी म्हणतं जुलाब लागलेत, आणि शी बांधून येईल असं खायला देतं. कुणी म्हणतं एवढा मोठा झाला तरी मुद्दाम करतो, आणि मारतं. मुलाला तर ती शी आल्याचं कळलेलंसुद्धा नसतं.

हे चक्र तोडायचं ते शी मऊ करून. त्याआधी पॉटचा विषयच काढायचा नाही. मूल डायपर मागत असेल तर शीसाठी डायपर द्या. ती हार नाही. शी आत साठण्यापेक्षा डायपरमध्ये झालेली कधीही चांगली. काही आठवडे रोज मऊ शी होऊ लागली की मग हळूच जागा बदला: डायपर घालून पण बाथरूममध्ये, मग डायपर घालूनच पॉटवर बसून, मग डायपर सैल करून, मग पॉटमध्ये नुसता अंथरून.

आहाराकडे पाहायचं तर पहिला प्रश्न दुधाचा. दोन वर्षांनंतरही बाटलीने लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात भाजी-भाकरीला जागाच उरत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत दूध पुरे. बिस्किटं आणि मैद्याचे पदार्थ कमी करून भाजी, सालीसकट मूगडाळ, पपई, पेरू, भिजवलेल्या काळ्या मनुका, अंजीर द्यावेत, आणि पाणी पुरेसं. पण शी दाबून धरायची सवय जुनी झाली असेल तर नुसत्या पपईने भागत नाही. डॉक्टर लॅक्ट्युलोजचं सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ‘औषधाची सवय लागेल’ या भीतीने पालक ते आठवड्यात बंद करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला काही महिने लागतात आणि औषध तेवढा काळ चालू ठेवावं लागतं.

घरगुती उपायांपैकी दोनांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी गुदद्वारात घालण्याची रीत अजून चालते. त्याने त्या वेळी शी होते खरी, पण साबणाने आतली नाजूक त्वचा पोळते, देठाने इजा होऊ शकते, आणि ज्या जागेची मुलाला आधीच धास्ती आहे तिथेच आपण जबरदस्ती केलेली असते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खालून काहीही घालू नये.

ओरडा, मार आणि लाज

अडीच वर्षांच्या वयात जेवणं, झोपणं आणि शी या तीन गोष्टींवर मुलाची खरी सत्ता असते. तिथे कुणीच त्याच्यावर बळजबरी करू शकत नाही. म्हणून याच तीन गोष्टींवरून घरात युद्धं होतात, आणि ती मूलच जिंकतं, पण स्वतःच्या शरीराचं नुकसान करून. लहान मुलांना मोठ्यांच्या हातून होणाऱ्या मारहाणीत ओली किंवा घाण झालेली चड्डी हे नेहमी आढळणारं निमित्त आहे, असं बालरोगतज्ज्ञ आवर्जून सांगतात. आई-बाबा वाईट असतात म्हणून असं होत नाही. थकवा, पाहुण्यांसमोरची लाज आणि ‘हे मुद्दाम करतंय’ हा गैरसमज एकत्र आला की हात उठतो. हे मुद्दाम नाही, एवढं मनात पक्कं केलं तरी हात खाली राहायला मदत होते.

चड्डी ओली झाली तर कमीत कमी बोलावं. ‘शू झाली. चल, चड्डी बदलू. पुढच्या वेळी पॉटमध्ये.’ ओली चड्डी बादलीत टाकण्याचं काम मुलाला द्यावं, शिक्षा म्हणून नव्हे, त्याच्या कामाचा भाग म्हणून. जमलं तर शाबासकी द्यावी, पण टाळ्या वाजवून अख्खी चाळ गोळा करू नये. आज एवढा उत्सव झाला, तर उद्या चुकल्यावर मुलाला तेवढंच मोठं अपयश वाटतं. चॉकलेटचं आमिष चार दिवस चालतं, पाचव्या दिवशी मूल भाव वाढवतं.

आणि फोनवर मावशीला, आत्याला, मुलासमोर ‘अजून चड्डीतच करतो हो’ असं सांगू नये. ते सगळं ऐकत असतं.

धुणं आणि विल्हेवाट

बाळाची शी निरुपद्रवी असते, ही समजूत चुकीची आहे. तिच्यात जंतू मोठ्यांच्या शीइतकेच असू शकतात. ती मोरीत, अंगणात किंवा उकिरड्यावर न टाकता संडासातच टाकावी, आणि मुलाचे व आपले असे दोघांचे हात साबणाने धुवावेत. धुताना, विशेषतः मुलींना, पुढून मागे असा हात न्यायला शिकवावं. उलट दिशेने जंतू मूत्रमार्गाकडे जातात.

वापरलेला डायपर संडासात कधीच सोडू नये. तो कागदात गुंडाळून वेगळा द्यायचा हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली. उघडा डायपर कुणाला तरी हाताने निवडावा लागतो, हे ध्यानात ठेवलं तर ठिपका काढायचा आळस होणार नाही.

शू करायला कोण नेईल, धुवायला कोण मदत करील, हेही याच वयात मुलाला नावं घेऊन सांगावं: आई, बाबा, आजी, पाळणाघरातल्या ताई. दुसऱ्या कुणी हात लावला तर लगेच घरी सांगायचं. शरीराच्या सुरक्षिततेचा हा पहिला धडा आहे, आणि तो मुलाला न घाबरवता देता येतो.

रात्रीची गोष्ट वेगळी

दिवसाची सवय शिकवता येते, रात्रीची बहुतांशी आपसूक लागते. रात्री शू कमी बनावी यासाठी मेंदूतून एक संप्रेरक जास्त स्रवतं. काही मुलांत ही घडी उशिरा बसते, आणि काहींची झोप इतकी गाढ असते की भरलेलं मूत्राशय त्यांना जागं करत नाही. पाचव्या वर्षीही साधारण सात मुलांत एक रात्री अंथरूण ओलं करतं, आणि पुढे दरवर्षी त्यांतली काही आपोआप बरी होतात. आई किंवा वडील लहानपणी अंथरूण ओलं करत असतील तर मुलातही ते बऱ्याचदा येतं. कधीतरी आजीला विचारून पाहावं.

गादीवर मेणकापड, त्यावर जुनी चादर, संध्याकाळनंतर चहा-सरबतं नकोत, झोपण्याआधी एकदा जाऊन यायचं, एवढं पुरे. पाच-सहा वर्षांनंतरही हे चालू राहिलं आणि मुलाला त्याचा त्रास वाटत असेल तर उपाय आहेत: चड्डी ओली होताच वाजणारा गजर आणि काही वेळा औषध. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने. बद्धकोष्ठ असेल तर आधी तो बरा करावा. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब देतो, आणि तो मोकळा झाल्यावर पुष्कळ मुलांची रात्र आपोआप कोरडी होते.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

चार वर्षं पूर्ण झाली तरी दिवसा चड्डी ओली राहते. शू करताना रडतं, ताप येतो, शूला उग्र वास येतो. मुलग्याची धार बारीक आहे किंवा थेंब थेंब गळत राहतात. शीतून रक्त जातं. जन्मल्यापासूनच शी नीट होत नाही. कमरेखाली पाठीच्या कण्यावर खळगा किंवा केसांचा झुबका आहे. यांतलं काहीही असेल तर वाट पाहू नये.

एक खूण विशेष ध्यानात ठेवावी. सहा महिने, वर्षभर कोरडं राहणारं मूल अचानक अंथरूण ओलं करायला लागलं, सारखं पाणी मागतं आणि वाळत चाललं आहे, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांच्या मधुमेहाची सुरुवात अशी होते, आणि ‘नवं बाळ आलंय म्हणून लाड’ समजून घालवलेले दिवस जिवावर बेततात.

स्वमग्नता, डाउन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना हे शिकायला वेळ लागतो, पण त्यांतली बरीच मुलं शिकतात. चित्रांच्या पायऱ्या लावणं, रोज तीच वेळ, तीच जागा, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत यांचा त्यांना खरा उपयोग होतो.

पाळणाघर आणि बालवाडी

अनेक प्लेग्रुपमध्ये प्रवेश देताना ‘डायपर सुटलेला असावा’ अशी अट असते. जूनची तारीख समोर दिसू लागली की एप्रिलमध्ये घरात जबरदस्ती सुरू होते, आणि शी दाबून धरणारी कितीतरी मुलं याच दोन महिन्यांत तयार होतात.

पालकांनी प्रवेश घेताना रंगीत भिंतींच्या आधी संडास पाहावा. बैठक मुलाच्या उंचीची आहे का, पाणी आहे का, आतून कडी लागून मूल अडकणार नाही ना, आणि तिथे नेणाऱ्या मावशी कोण. मुलाचा शब्द त्यांना सांगून ठेवावा. परदेशातल्या पाळणाघरात मराठी मूल ‘शू’ म्हणालं तर तिथल्या शिक्षिकेला ते कळेल याची सोय आपणच करायची असते. पिशवीत दोन चड्ड्या द्याव्यात, आणि ओल्या झालेल्या परत आल्या तर मुलाला काही विचारू नये. घाणेरडा संडास नको म्हणून मूल दिवसभर शू दाबून धरतं, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होतो तेव्हाच घरी कळतं. तोपर्यंत थांबण्यापेक्षा शाळेशी आधी बोलावं.

आणि बालवाड्या चालवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. अडीच वर्षांच्या मुलाची चड्डी ओली होणं हे त्या वयाचं साधं वास्तव आहे. त्या वयाच्या मुलांची फी घ्यायची तर एक मायाळू मावशी, मुलाच्या उंचीची बैठक आणि कोरडे कपडे ठेवायला एक फळी, एवढी सोय करा. ती होत नसेल तर प्रवेशाचं वय वाढवा. डायपरची अट काढून टाका.